बारीक कामाची नजर : कारागिराच्या भिंगाचा इतिहास

घरातल्या खोलीत, खिडकीला लावलेल्या मेजापाशी बसून घड्याळाची चाके बसवणारा, अंगठीच्या कोंदणात हिरा जडवणारा किंवा तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरणारा कारागीर ज्या मर्यादेत काम करतो, ती मर्यादा त्याच्या हाताच्या आधी त्याच्या डोळ्याने घातलेली असते. निकोप डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनाने वेगळे असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात. वस्तू डोळ्यापासून २५ सेंटिमीटरवर धरली, तर हे अंतर सुमारे ०.०७ मिलिमीटर भरते. त्याहून बारीक पाहायचे तर वस्तू जवळ आणावी लागते आणि जवळ आणण्यालाही सीमा आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग फुगवून जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करण्याच्या क्रियेला समायोजन म्हणतात. दहा वर्षांच्या मुलाला ते सात-आठ सेंटिमीटरपर्यंत साधते, परंतु वयाबरोबर हे भिंग ताठर होत जाते आणि चाळिशी उलटली की २५ सेंटिमीटरवरचेही धूसर दिसू लागते. ज्या वयात कारागिराचा हात पुरता बसलेला असतो, नेमकी त्याच वयात नजर माघार घेते.

चष्म्याचा इतिहास बहुधा वाचणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. मठातले भिक्षू, विद्वान, ग्रंथ आणि छापखाने यांच्याभोवती तो फिरतो. कामाच्या मेजाच्या बाजूने तोच इतिहास पाहिला, तर त्याचा क्रम आणि त्यातल्या गोष्टींचे मोल दोन्ही बदलतात. तेथे प्रथम उजेड येतो, मग चाळशी, मग एका डोळ्याला लावायचे भिंग आणि अगदी उशिरा, म्हणजे जेमतेम दीडशे वर्षांपूर्वीपासून, दोन्ही डोळ्यांनी पाहता यावे आणि दोन्ही हात मोकळे राहावेत अशी साधने. भिंग किती पट मोठे दाखवते, याला या प्रवासात वाटते तितके महत्त्व कधीच नव्हते. कारागिराला हवे असते ते अंतर, उजेड आणि मोकळा हात.

काच किंवा पाणी यांच्या गोलाकारातून वस्तू मोठी दिसते, हे प्राचीनांना ठाऊक होते. पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून बारीक अक्षरेही मोठी आणि स्पष्ट दिसतात, असे नोंदवले आहे. मात्र हा गुण त्याने पाण्याला चिकटवला, गोळ्याच्या वक्रतेला नव्हे. ऑस्टिन हेन्री लेयर्ड यांना १८५० मध्ये असीरियातील निमरूद येथील उत्खननात घासून बहिर्वक्र, म्हणजे मध्ये फुगीर, केलेला स्फटिकाचा एक तुकडा सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते भिंग होते की जडावाचा नुसता एक तुकडा, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही. रत्नांवर मुद्रा कोरणाऱ्या रोमन कारागिरांविषयी प्लिनी याने दिलेली माहिती या दृष्टीने अधिक बोलकी आहे : कामाने शिणलेले डोळे निवावेत म्हणून ते हिरव्या पाचूकडे पाहत बसत. नजर मोठी करण्याचे साधन त्यांच्याकडे होते की नव्हते हा वाद बाजूला ठेवला, तरी डोळ्यांचा शीण ही त्या धंद्याची ओळखीची व्याधी होती, हे त्यातून कळते.

पाण्याच्या गोळ्याचा खरा उपयोग पुढे उजेडासाठी झाला. युरोपात विजेपूर्वीच्या काळात हिवाळ्याचा दिवस आठ तासांचा आणि घर मेणबत्तीच्या किंवा तेलाच्या एका वातीवर चालणारे, अशी स्थिती असे. अशा घरात चांभार, लेस विणणाऱ्या स्त्रिया, खोदकाम करणारे आणि घड्याळजी वातीसमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा टांगत किंवा लाकडी स्टँडवर ठेवत. वातीचा पसरणारा प्रकाश हा गोळा एकवटतो आणि नेमक्या कामाच्या जागी तळहाताएवढ्या वर्तुळात पाडतो. जर्मन भाषिक मुलखात हा गोळा चांभाराच्याच नावाने ओळखला जाई. इंग्लंडच्या मध्य भागातील लेस विणणाऱ्या स्त्रिया एका उंच तिवईच्या मध्यभागी मेणबत्ती आणि भोवती असे अनेक गोळे मांडत, म्हणजे एकाच मेणबत्तीवर कित्येकजणींचे काम चाले. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सूक्ष्मदर्शकाखालील वस्तूवर प्रकाश पाडण्यासाठी याच धर्तीची योजना वर्णिली आहे. त्यांनी गोळ्यात साध्या पाण्याऐवजी निवळ खारे पाणी भरले होते. नव्या विज्ञानाच्या त्या पहिल्या मोठ्या चित्रग्रंथामागचा उजेड असा लेसवालीच्या आणि चांभाराच्या घरातल्यासारखाच होता. विज्ञानाच्या इतिहासात हे ऋण सहसा मांडले जात नाही; ते मांडले जायला हवे.

प्रकाश वाढला की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि बाहुली लहान झाली की थोडे पुढचे, थोडे मागचे असे दोन्ही स्पष्ट दिसते. चाळशी लागलेल्या माणसाला उन्हात सुईत दोरा ओवता येतो आणि दिव्याखाली येत नाही, याचे कारण हेच. त्यामुळे उजेडाचा गोळा हे एका अर्थाने दृष्टी सुधारण्याचेही साधन होते, जरी वापरणाऱ्यांनी त्याकडे तसे पाहिले नसले तरी.

डोळ्यांवर घालायचा चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत तयार झाला. त्याच्या पाठीशी दोन शतकांचे प्रकाशशास्त्र होते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल्-हैथम यांचा प्रकाशावरील अरबी ग्रंथ १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये आला. इंग्रज फ्रान्सिस्कन भिक्षू रॉजर बेकन यांनी १२६७ च्या आसपास काचेच्या गोळ्याचा कापलेला भाग अक्षरांवर ठेवला तर तो वृद्धांना आणि अधू नजरेच्या माणसांना उपयोगी पडतो, असे लिहिले. भिंग अक्षरावर ठेवायचे सोडून डोळ्यासमोर आणायचे ही पायरी मात्र कारागिरांनीच चढली. व्हेनिसमधील स्फटिककाम करणाऱ्यांच्या श्रेणीच्या, म्हणजे व्यावसायिक संघाच्या, १३०० च्या नियमांत डोळ्यांसाठीच्या चकत्या आणि वाचनाचे दगड या दोन वस्तूंचा वेगवेगळा उल्लेख आहे आणि स्फटिक म्हणून साधी काच विकण्यास मनाई आहे. फसवणूक होण्याइतका त्या वस्तूंचा खप तेव्हाच होता, असा याचा सरळ अर्थ होतो. जॉर्दानो दा पिझा या धर्मोपदेशकाने २३ फेब्रुवारी १३०६ रोजी फ्लॉरेन्समध्ये दिलेल्या प्रवचनात चष्मे बनवण्याची कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत, असे सांगितले. पिझाच्या मठातील आलेस्सांद्रो देल्ला स्पिना (मृत्यू १३१३) यांच्याविषयी मठाच्या वृत्तांतात अशी नोंद आहे की, मूळ शोधक ती विद्या कोणाला सांगेना, तेव्हा यांनी स्वतः चष्मे बनवले आणि आनंदाने सर्वांना शिकवले. मूळ शोधकाचे नाव हाती नसल्याने पुढे १६८४ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका इतिहासकाराने साल्व्हिनो देल्यी आर्माती या नावाचा शोधक उभा केला आणि तो दोन शतकांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांतून वावरला. त्यामागचा पुरावा बनावट असल्याचे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

त्रेव्हीसो येथील डोमिनिकन मठातील सभागृहात तोम्मासो दा मोदेना याने १३५२ मध्ये चितारलेल्या भित्तिचित्रांत एक कार्डिनल नाकावर चष्मा ठेवून लिहिताना दिसतो, तर दुसरा हातात एकच भिंग धरून वाचताना. दोन्ही साधने एकाच भिंतीवर असल्याने त्यांची तुलना करता येते. भिंग धरणाऱ्याचा एक हात अडकलेला आहे. चष्मेवाल्याच्या हातात लेखणी आहे. वाचकाला हा फरक फारसा जाणवत नाही, पण ज्याला एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात हत्यार धरायचे आहे, त्याच्या दृष्टीने हाच फरक निर्णायक असतो. अमेरिकन अर्थ-इतिहासकार डेव्हिड लँडिस यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, चष्म्याने बारीक काम करणाऱ्या कारागिरांचे कामाचे आयुष्य दुपटीहून वाढवले आणि युरोपात सूक्ष्म उपकरणे, मापनयंत्रे व घड्याळे यांची परंपरा रुजण्यामागे हे एक मोठे कारण होते. केवळ चष्म्यावर एवढा भार टाकणे थोडे अधिकच आहे. तरीही पंचेचाळिशीनंतरच्या वीस वर्षांच्या अनुभवाचे मोल ज्याला कळते, तो हे मत सहज झटकून टाकणार नाही.

पंधराव्या शतकात चष्मा नेमका, म्हणजे वयानुसार, मागवला जाऊ लागला होता. मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा याने १४६२ मध्ये फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. त्यांतला एक डझन दूरचे पाहणाऱ्या तरुणांसाठी, एक जवळचे पाहणाऱ्या वृद्धांसाठी आणि एक सर्वसाधारण नजरेसाठी होता. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीतील मागणीत चष्मे वयाच्या पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी क्रमवार सांगितलेले आढळतात. बेनितो दाझा दे व्हाल्देस यांनी १६२३ मध्ये सेव्हिल येथे छापलेल्या चष्म्यांवरील स्पॅनिश ग्रंथात वयानुसार कोणत्या अंशाचा चष्मा लागेल याचे कोष्टकच दिले. चष्म्याला कानामागे जाणाऱ्या काड्या मात्र अठराव्या शतकापर्यंत नव्हत्या. लंडनचे चष्मेवाले एडवर्ड स्कार्लेट यांचे नाव १७३० च्या सुमारास या काड्यांशी जोडले जाते. तोपर्यंत चष्मा नाकाला चिमटून बसे किंवा दोरीने बांधावा लागे. मान ताठ ठेवून वाचणाऱ्याचे त्याने भागत असे, पण मेजावर ओणवे होऊन कानशीने घासणाऱ्याच्या नाकावरून तो घसरणारच. कारागिराला स्वतःचा म्हणता येईल असा चष्मा काड्या आल्यावरच मिळाला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

भारतात चष्मा युरोपीय व्यापाराबरोबर आला. विजयनगरच्या दरबारातील माध्व आचार्य व्यासतीर्थ (मृत्यू १५३९) यांच्या सोमनाथकृत संस्कृत चरित्रात ते डोळ्यांवर उपनेत्र ठेवून पोथी वाचत असल्याचा उल्लेख आहे. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात स्थिरावले आणि विजयनगरशी त्यांचा घोड्यांचा व्यापार व वकिलाती चालू होत्या, हे ध्यानात घेतले तर ती वस्तू कोणत्या वाटेने आली असावी, याचा तर्क करणे अवघड नाही. मोगल चित्रकार मीर सय्यद अली याने १५६५ ते १५७० च्या दरम्यान आपल्या वृद्ध पित्याचे, म्हणजे मीर मुसव्विर याचे, चित्र काढले. त्यात पिता चष्म्यासह दाखवला आहे. मीर मुसव्विर हा स्वतः लघुचित्रकार होता. एका केसाच्या कुंचल्याने काम करणाऱ्या या मंडळींना चष्मा किती जवळचा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको. भारतातील चष्म्याच्या या सगळ्या उल्लेखांचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे दीर्घकाळ अभिरक्षक असलेले परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी घेतला आणि १५०० ते १८०० या काळातील चष्म्याचा इतिहास संस्कृत, मराठी व परकीय साधनांतून मांडला. व्यासतीर्थांचा उल्लेख इतिहासाच्या प्रवाहात आला, तो प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

घरातल्या कारखान्याचा आणि भिंगाचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलच्या डोंगराळ प्रदेशात. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवरच्या या जुरा पर्वतरांगेत हिवाळा सहा महिने टिकतो आणि शेतीला वाव थोडा. सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे घड्याळाचा धंदा रुजला. दानिएल जाँरिशार (मृत्यू १७४१) हा त्याचा मूळपुरुष मानला जातो. त्याने लहानपणी एका वाटसरूचे बंद पडलेले इंग्रजी घड्याळ दुरुस्त केल्याची कथा तेथे घरोघर सांगितली जाते, तिच्यातला दंतकथेचा भाग वगळला तरी त्याने आपल्या भावांना, मुलांना आणि शेजाऱ्यांना हा धंदा शिकवला, हे खरे. जाँ-जाक रूसो यांनी १७५८ मध्ये दालांबेर यांना लिहिलेल्या जाहीर पत्रात न्यूशातेलजवळच्या डोंगरावरील या शेतकऱ्यांचे वर्णन केले आहे : बर्फात अडकलेल्या लाकडी घरांत सबंध कुटुंब स्वतःच्या हातांनी नाना वस्तू घडवते आणि घड्याळेही बनवते. पुढच्या शतकात या कामाची इतकी वाटणी झाली की एक घर फक्त पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाके, करी, दुसरे काटे, तिसरे तबकडीवर मीना चढवी आणि चौथे केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग बसवी. व्यापारी हे भाग घरोघर वाटून व गोळा करून घड्याळ पुरे करवून घेई. कार्ल मार्क्स यांनी ‘भांडवल’ या ग्रंथाच्या १८६७ मधील पहिल्या खंडात घड्याळाच्या धंद्यातील या कारागिरांची लांबलचक यादी दिली आणि ला शो-द-फाँ हे सबंध गावच एक प्रचंड कारखाना असल्याचे म्हटले.

हे गाव उजेडासाठी बांधलेले आहे. १७९४ मधील आगीत ते जवळजवळ सगळे जळाले. नव्याने बांधताना आणि एकोणिसाव्या शतकात वाढवताना उतारावर समांतर रस्ते आणि लांबट इमारतींच्या ओळी अशी रचना केली गेली, ज्यामुळे प्रत्येक घराला दक्षिणेकडचा प्रकाश मिळतो आणि समोरच्या इमारतीची सावली खिडकीवर पडत नाही. घड्याळजीचे मेज खिडकीच्या ओळीला लागून असे. शेजारच्या ल लोक्ल या गावासह ला शो-द-फाँचा २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, तो राजवाड्यांसाठी किंवा देवळांसाठी नव्हे, तर कामाच्या मेजाभोवती आखलेल्या या नगररचनेसाठी.

या मेजाची उंची साध्या टेबलापेक्षा जास्त, बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत असते, म्हणजे कोपरे टेकून हात स्थिर राहतात आणि पाठ न वाकवता काम डोळ्यांजवळ येते. डोळ्याला लावायचे भिंग, ज्याला युरोपात लूप आणि मुंबईच्या घड्याळजींत व हिऱ्यांच्या बाजारात आयग्लास म्हणतात, ते शिंगाच्या, आबनुसाच्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या शंक्वाकृती नळीत बसवलेले असते. भुवई आणि गाल यांच्या स्नायूंमध्ये ते पकडायचे, हे शिकाऊ मुलाला शिकावे लागते. न जमल्यास तारेची स्प्रिंग डोक्याभोवती घालतात. नळीच्या बाजूला लहान छिद्र असते, कारण डोळ्याच्या उबेने आणि ओलाव्याने बंद नळीत काचेवर वाफ धरते. स्विस लूपवरचा आकडा नवख्याला फसवतो. तो किती पट मोठे दिसेल हे सांगत नाही, तर नाभीय अंतर, म्हणजे वस्तू भिंगापासून किती दूर धरल्यास स्पष्ट दिसेल, ते इंचांत सांगतो. चार नंबरचे भिंग चार इंचांवर अडीच पट मोठे दाखवते, दोन नंबरचे दोन इंचांवर पाच पट आणि एक नंबरचे केवळ एका इंचावर दहा पट. आकडा जितका लहान तितकी ताकद मोठी. जुन्या घड्याळजींच्या या पद्धतीत शहाणपण आहे, कारण मेजावर बसलेल्याला आधी अंतराची गरज असते : दिवसभराचे जोडकाम चार नंबरवर होते, माणकाच्या बेअरिंगमध्ये तेल नेमके पडले की नाही एवढे पाहण्यापुरते दोन नंबर उचलले जाते आणि एक नंबर केवळ तपासणीला, कारण एका इंचात चिमट्याला वावच उरत नाही.

या गावाच्या नजरेशी भारताचाही एक धागा जुळतो. ला शो-द-फाँमध्ये १८८७ मध्ये शार्ल-एदुआर जानेरे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील घड्याळाच्या तबकडीवर मीना चढवण्याचे काम करत आणि त्यांनी स्वतः तेथील कलाशाळेत घड्याळाच्या कवचावरील खोदकाम शिकायला सुरुवात केली होती. त्यांची दृष्टी अधू होती, त्या धंद्यात ती टिकणार नव्हती. शिक्षक शार्ल लेप्लातेनिए यांनी त्यांना वास्तुकलेकडे वळवले. पुढे ल कॉर्ब्युझिए या नावाने त्यांनी चंदीगड आखले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अनुभवी व्यवहाराला गणित मिळाले. उट्रेख्ट येथील नेत्रतज्ज्ञ फ्रान्सिस्कस डाँडर्स यांनी १८६४ मधील ग्रंथात समायोजन आणि चाळशी यांचा हिशेब मांडला. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ फर्दिनाँ मोनोये यांनी १८७२ मध्ये भिंगाची ताकद मोजण्यासाठी डायॉप्टर हे एकक सुचवले. नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन एकाला त्याने भागले की डायॉप्टर मिळतो. नेत्रचिकित्सक ज्याला चष्म्याचा नंबर म्हणतात तो हाच. २५ सेंटिमीटर हे प्रमाण अंतर धरले, तर डायॉप्टरला चाराने भागून भिंग किती पट मोठे दाखवते ते कळते. डोक्याला बांधायच्या भिंगांचे विक्रेते मात्र बहुधा त्यात आणखी एक मिळवतात, कारण डोळ्याने स्वतः जोर लावला तर तेवढा फायदा होऊ शकतो. त्यामुळे १० डायॉप्टरचे एकच भिंग एका पेटीवर अडीच पट आणि दुसऱ्या पेटीवर साडेतीन पट म्हणून येते. साठीतल्या माणसाच्या डोळ्यात जोर लावण्याची शक्तीच उरलेली नसते, म्हणून त्याने लहान आकडाच खरा मानावा. अंतराचा नियम मात्र दोन्ही पेट्यांना सारखाच लागू होतो. एक मिळवून आकडा दिलेल्या अशा डोक्यावरच्या भिंगांत पावणेदोन पटीचे सुमारे १४ इंचांवर, अडीच पटीचे सुमारे ७ इंचांवर आणि साडेतीन पटीचे ४ इंचांवर स्पष्ट दिसते. ४ इंचांवर डाग देण्याची फुंकणी किंवा तापलेले सोल्डरिंग आयर्न धरले, तर त्याचा धूर थेट चेहऱ्यावर येतो.

एकाच काचेच्या जाड भिंगात कडेला वस्तू वाकडी आणि रंगीत कडांची दिसते. विल्यम वॉलास्टन यांनी १८१२ मध्ये दोन भिंगांची जोडणी करून हा दोष कमी केला आणि त्याच शतकात तीन काचा चिकटवून केलेले भिंग आले, ज्याला ट्रिप्लेट म्हणतात. आज हिऱ्याचा निर्दोषपणा ठरवण्याचे जगभरचे माप म्हणजे दहा पटीचे ट्रिप्लेट : त्यातून तज्ज्ञाला दोष दिसला नाही, तर हिरा त्या दृष्टीने निर्दोष. मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातील जुन्या पेढ्यांत आणि आता वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये कोट्यवधींचा सौदा ज्या नजरेवर ठरतो, ती या एका इंचाच्या अंतरातली नजर आहे. मुंबईतील कापड गिरण्यांत विणीचे धागे मोजण्यासाठी वापरले जाणारे घडीचे पिक-ग्लास हेही याच घराण्यातले. या घराण्याला मोठा वंश आहे, कारण सूक्ष्मजीव प्रथम पाहणारे डेल्फ्टचे आंतोनी व्हान लेव्हेनहुक धंद्याने कापडाचे व्यापारी होते.

लूप, आयग्लास, पिक-ग्लास ही सारी एका डोळ्याची साधने आहेत आणि एका डोळ्याला खोली कळत नाही. चिमट्याचे टोक चाकाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे घड्याळजी सावलीवरून आणि सरावाने ओळखतो. दोन्ही डोळ्यांना भिंग देण्यात अडचण अशी की, दोन्ही नजरा एकाच बिंदूवर आणायच्या तर वस्तू २५ सेंटिमीटरवर असताना डोळ्यांना परस्परांकडे सुमारे १५ अंश वळावे लागते, तर १० सेंटिमीटरवर ३५ अंश. हा ताण कोणी फार वेळ सोसू शकत नाही. बॉन येथील नेत्रतज्ज्ञ थिओडोर झेमिश यांनी १८७६ मध्ये दोन डोळ्यांचे साधे भिंग वापरात आणले. नंतरच्या साधनांत भिंगे नाकाच्या बाजूला सरकवून किंवा त्यांना लोलकाचा, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या पाचरीच्या आकाराच्या काचेचा, गुण देऊन डोळ्यांचे वळणे भिंगाकडूनच करून घेतले गेले. डोक्याला पट्ट्याने बांधून वर-खाली करता येणारे भिंग याच तत्त्वावर चालते आणि ते चष्म्यावरूनही घालता येत असल्याने घरच्या कारखान्यात सर्वांत जास्त तेच पोचले. येना येथील झाइस कंपनीने १८९७ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ होरेशियो ग्रीनो यांच्या सूचनेवरून दोन स्वतंत्र नळ्यांचा खोली दाखवणारा सूक्ष्मदर्शक बाजारात आणला. त्याच कंपनीत मोरित्स फॉन रोर यांनी १९१२ मध्ये शल्यचिकित्सकांसाठी चष्म्यावर बसवलेली छोटी दुर्बिणीची जोडी तयार केली. तिची रचना गॅलिलिओच्या दुर्बिणीसारखी, पुढे बहिर्वक्र आणि डोळ्याशी अंतर्वक्र भिंग अशी असून तिचा खरा लाभ अंतराचा आहे : अडीच पट मोठे दिसत असतानाही काम हातभर दूर राहते आणि मान वाकत नाही. दंतवैद्यांनी ती उचलली आणि मग जडावकाम करणाऱ्यांनीही.

आजच्या घरगुती मेजावर सर्वांत बारीक वस्तू इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आहेत. पृष्ठभागावर चिकटवायच्या, ०४०२ या सांकेतिक आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या रोधकाची लांबी १ मिलिमीटर आणि रुंदी अर्धा मिलिमीटर असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत मोबाइल दुरुस्त करणारे तरुण ग्रीनोंच्या रचनेतून आलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तो रोज बदलतात. वर्तुळाकार एलईडी दिवा त्याला जोडलेला असतो, म्हणजे पाण्याच्या गोळ्याचे काम आता तो करतो. एक सावधगिरी मात्र जुन्या काळाइतकीच आजही आवश्यक आहे : कोणतेही भिंग झाकण न लावता खिडकीच्या उन्हात ठेवू नये, कारण लाकूड आणि कापड पेटायला त्याने एकवटलेले ऊन पुरते. शिवाय भिंग म्हणजे संरक्षक चष्मा नव्हे; तार तुटते किंवा चकती उडते तेव्हा डोळा वाचवायला वेगळी काच लागते.

ला शो-द-फाँच्या घड्याळ संग्रहालयात जुन्या घरांतली कामाची साधने, मेजांसह, जतन केलेली आहेत. महाराष्ट्रात पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली अशा गावांच्या बाजारपेठांत दोन-तीन पिढ्या चाललेली घड्याळ दुरुस्तीची आणि जडावाची दुकाने बंद होताना चिमटे भंगारात जातात आणि आयग्लास मुलांच्या खेळण्यात. ज्यांच्या घरी असे मेज अजून आहे त्यांनी ते मोडीत काढण्यापूर्वी एवढे करावे : प्रत्येक भिंगावरचा आकडा, ते कोणत्या कामाला वापरले जाई आणि मेज खिडकीच्या कोणत्या अंगाला होते, हे वापरणाऱ्याकडून विचारून लिहून ठेवावे आणि वस्तू रोजच्या वापरातील साधनांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थेला द्याव्यात.